शब्बीर, रुईनं गोल मारला

शब्बीर, आधी बातमी ऐक, बाकीचं मग. रुईनं गोल मारला. शेवटच्या सामन्यात, शेवटच्या दहा मिनिटांत, आणि तोही नडगीनं. कॉर्नरवरून चेंडू आला, गर्दीत कुणाच्या तरी डोक्याला लागून खाली पडला, याच्या नडगीवर आपटला आणि गोलकीपरच्या बगलेतून आत गेला. काय झालं ते त्याचं त्यालाच कळेना. क्षणभर तसाच उभा राहिला, मग दोन्ही हात डोक्यावर ठेवून पळत सुटला, आणि पळाला कुठं तर समोरच्या संघाचे प्रेक्षक बसले होते तिकडं. गोल मारल्यावर कुठं पळायचं असतं याची सवयच नव्हती रे त्याला.

तू गेलास बुधवारी आणि हे झालं रविवारी. चार दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं? मी इथं अमरावतीला कूलरसमोर बसून मोबाईलवर सामना बघत होतो. चेंडू जाळ्यात गेला तसा उठलो आणि तुला फोन लावला. दुसरी रिंग वाजेपर्यंत मला काही आठवलंच नाही. फोन शमीमभाभीनं उचलला. आता ठेवूही शकत नव्हतो, म्हणून जे सांगायला लावला होता तेच सांगितलं, की भाभी, रुईनं गोल मारला. तिनं विचारलं, कोणत्या पायानं. नडगीनं म्हटल्यावर ती हसली, हसता हसता रडायला लागली.

जगात कुठल्या स्पॅनिश खेळाडूसाठी जठारपेठेतल्या गादी कारखानदाराच्या घरात कुणी असं रडलं असेल का, मला सांग. आणि त्या बिचाऱ्याला अकोला कुठं आहे हेही माहीत नाही.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. मी ऑफिसच्या कामासाठी अकोल्याला आलो की काम लवकर आटपून तुझ्या दुकानात येऊन बसायचो. त्या दिवशी रविवार होता, मी उन्हाळ्याआधी घरच्या दोन गाद्या पिंजायला घेऊन आलो होतो, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर स्पेनमधला सामना लागला होता. एक काटकुळा पोरगा लेफ्ट बॅकला खेळत होता. थोड्या वेळानं बघतो तर तो उजव्या बाजूला. मध्यंतरानंतर बघतो तर स्टॉपर म्हणून मधोमध. तू पिंजण्याचं यंत्र बंद केलंस. गिऱ्हाईक समोर उभं असतानाही तू यंत्र कधी बंद करत नसायचास. "हा पोट्टा पाह्य," म्हणालास, "तीन जागा फिरला, चेहऱ्यावर आठी नाई." त्याचं आडनाव घशातून काढावं लागायचं, ते आपल्या दोघांनाही जमेना. तू समोरच्या ढिगात हात घातलास आणि मूठभर कापूस वर धरलास. "रुई म्हनू त्याले. गादीत भरा, उशीत भरा, बसते." तेव्हापासून तो रुई.

मग आपण त्याच्या मागंच लागलो. तो लहानपणी आपल्या गावच्या संघात गोल मारणारा खेळाडू होता, पण उंची वाढली नाही आणि प्रशिक्षकानं त्याला मागं उजवीकडे ढकललं. तिथं तो रमला. मोठ्या क्लबनं त्याला उचललं तर पहिल्याच महिन्यात त्यांचा लेफ्ट बॅक जायबंदी, म्हणून हा डावीकडे. उजव्या पायाचा माणूस, तीन वर्षं डावीकडे खेळला. पुढच्या क्लबात स्टॉपर. त्याच्या पुढच्या क्लबात बचावफळीच्या पुढे, मधल्या फळीत. आणि तो सामना आठवतो? गोलकीपरला लाल कार्ड, बदली खेळाडू सगळे संपलेले, आणि यानं हातमोजे चढवले. ते मोजे त्याच्या मनगटापर्यंत नाही, कोपरापर्यंत येत होते. त्यानं दोन गोल खाल्ले, तरी तू गादीवर उभा राहून टाळ्या वाजवत होतास. गिऱ्हाइकाची गादी होती ती.

देशाच्या संघातही त्याची निवड झाली. मोठ्या स्पर्धेत पूर्ण वेळ बाकावर बसला आणि एका सामन्यात शेवटची तीन-चार मिनिटं मैदानात उतरला. तेवढ्यासाठी तू सगळ्या गल्लीत जिलेबी वाटलीस. मी तुला वेड्यात काढलं. एवढा खेळतो, एवढा राबतो आणि त्याला बाकावर बसवतात, याची लाज वाटायला पाहिजे, जिलेबी कसली वाटतोस, असं मी म्हणालो. तू माझ्या हातात आणखी एक जिलेबी ठेवलीस.

आपला वाद तेव्हापासूनचा. माझं म्हणणं ठरलेलं होतं. रुई मुळात स्टॉपर आहे, त्यानं तीच एक जागा धरून ठेवायला पाहिजे होती, ठणकावून सांगायला पाहिजे होतं की मी दुसरीकडं खेळणार नाही. जो कुठंही खेळतो त्याची जागा कुठंच नसते आणि अशा माणसाचं नाव राहत नाही. मी जुन्या-नव्या स्टॉपरांची नावं बोटांवर मोजून दाखवायचो. तू लांब सुईनं गादीला टाके घालत ऐकून घ्यायचास. "तू एकाच खुर्चीवर बसला न इतकी वर्षं, म्हनून तुले असं वाटते," म्हणायचास. मी हसायचो, पण ते मला लागायचं. तुझा चेहरा न्याहाळून बघायचो, की हा सहज बोलला की त्याच्या मनात काही आहे. तुझी नजर सुईवर असायची.

आता रुईच्या शेवटच्या सामन्याचं पुढचं सांगतो, कारण तू जिंकलास. तो परत आपल्या पहिल्या क्लबात आला होता ना, दाढी पांढरी झाल्यावर? तिथंच निरोपाचा सामना होता. प्रशिक्षकानं त्याला सुरुवातीला स्टॉपर म्हणून उतरवलं. मी खुश. म्हटलं, बघ शब्बीर, शेवटी खरी जागा मिळाली. अर्ध्या तासात राइट बॅकचा स्नायू धरला, हा मुकाट्यानं उजवीकडे. दुसऱ्या डावात संघ एका गोलनं मागं पडला, शेवटची दहा मिनिटं राहिली, तर प्रशिक्षकानं हात करून त्याला सरळ पुढं पाठवलं. एका सामन्यात तीन जागा, सदतीस वर्षांचा माणूस. आणि मग ती नडगी. सामना बरोबरीत सुटला आणि अख्खं मैदान उभं राहिलं. म्हातारे रडत होते, पोरं त्याचं नाव ओरडत होती, समोरच्या संघाचे लोकही उभे होते. वीस मिनिटं त्याला कुणी आत जाऊ देईना. नाव राहत नाही म्हणालो होतो ना मी? सपशेल हरलो, लेखी देतो.

मी पण कूलरसमोर उभाच होतो. आनंदानं अंगावर काटा आला होता, आणि त्याच वेळी मोबाईल बंद करून टाकावासा वाटत होता. तसं का वाटलं ते तुला सांगायचं राहिलंय. तीस वर्षं राहिलंय. आज सांगतो.

विद्यापीठाच्या संघाची निवड होती. तू तेव्हा कॉलेजसाठी अमरावतीला मामाकडं राहायचास. आपण दोघंही स्टॉपर खेळायचो आणि स्टॉपरची जागा एकच होती. तू माझ्यापेक्षा चांगला स्टॉपर होतास. हे मला माहीत होतं, मैदानावरच्या प्रत्येक पोराला माहीत होतं. आदल्या आठवड्यात एका सीनियरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की निवड करणारे साहेब जागा विचारतील तेव्हा एकच जागा सांगायची. कुठंही खेळतो म्हणणाऱ्याला ते सरळ राखीव खेळाडूंत टाकतात. निवडीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपण गाड्यावर गिला वडा खात होतो आणि तू मला विचारलंस, साहेबांना काय सांगायचं. मी म्हणालो, "तू कुठंही खेळतो म्हन. साहेबाले असेच पोरं आवडतात."

अगदी सहज म्हणालो. वर चटणीही मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तुला राखीवमध्ये टाकलं. मी स्टॉपर झालो. संघाबरोबर तू गावोगाव फिरलास, आमच्या पिशव्या सांभाळल्यास, पाण्याचे कॅन उचललेस, आणि एकही मिनिट मैदानात उतरला नाहीस. मला प्रमाणपत्र मिळालं, त्यावर खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी मिळाली, आणि मी त्या खुर्चीवर बसलो ती ही अशी. तू अब्बांच्या कारखान्यात गेलास. आता कळलं, रुईवरून मी एवढा का भांडायचो? कुठंही खेळणाऱ्या माणसाचं असंच होतं, हा जगाचा नियमच आहे, असं ठरलं की माझ्यावर काही येत नव्हतं. तुझं जे झालं ते तुझ्या स्वभावामुळं झालं, असं म्हणता येत होतं. रुई बाकावर बसला की मला आतून बरं वाटायचं, शब्बीर. आणि तो नडगीनं गोल मारून माझं सगळं मोडून गेला.

हे मी तुला कधीच बोललो नाही. त्याऐवजी मी दरवर्षीची मॅच सुरू केली. मृग लागायच्या आधीच्या रविवारी, अमरावतीचे जुने खेळाडू विरुद्ध अकोल्याचे जुने खेळाडू, आणि हरणाऱ्यांनी स्वतः गोवऱ्या पेटवून जिंकणाऱ्यांना कणकेचे रोडगे भाजून वाढायचे. सगळ्यांना वाटतं दिवाकरला खेळाची केवढी हौस. हौस होतीच, पण माझ्यासाठी ती तुला वर्षातून एकदा तरी मैदानात उतरवायची सोय होती.

यंदा अकोल्याची पाळी. तू गेल्यावर अकरा दिवसांनी तो रविवार येत होता. मॅच रद्द करू, असं सगळ्यांचं चाललं होतं, पण भाभीचा निरोप आला की खेळा. मग मी यादी करायला बसलो आणि काय झालं बघ. आमच्या गोलकीपरचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलेलं. हरकत नाही, मी लिहिलं, शब्बीर. लेफ्ट बॅकच्या पुतणीचं मोर्शीला त्याच दिवशी लग्न. तिथं लिहिलं, शब्बीर. उजवीकडचा गुडघा धरून बसलेला, दुसऱ्या डावात नक्की बाहेर येणार. शब्बीर. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा माझा हात थांबला.

खोडवेना, म्हणून मधुभाऊला फोन केला. आपला फुलवाला मधुभाऊ, अकोल्याचा कॅप्टन, त्या निवडीत पहिल्याच फेरीत बाद होऊनही आयुष्यभर फुटबॉल न सोडलेला. त्याला म्हटलं, माझ्या हातून असं असं झालं. मग त्यानं त्याची यादी वाचून दाखवली. त्याच्याकडं तू दोन जागी होतास.

पंचवीस वर्षांत दोन्ही गावांनी एकही बदली खेळाडू तयार केला नाही, कारण कमी पडेल तिथं तू. पहिल्या डावात आमचा गोलकीपर आणि दुसऱ्या डावात अकोल्याचा लेफ्ट बॅक, हे तर आपण नेहमीच चालवून घेतलं. एका वर्षी तू आमच्याकडून गोल मारलास, मध्यंतरानंतर टी-शर्ट बदलून त्यांच्याकडून बरोबरी केलीस, आणि दोन्ही वेळा सारखाच नाचलास. पंच वैतागून निघून गेला होता.

तर यंदा दोन्ही बाजूंनी माणसं कमी. दहा-दहा खेळायचं ठरलं. ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून सहाला सुरुवात. गोलमध्ये कुणी जाईना, तेव्हा मी गेलो. हो, मी. ज्यानं जन्मात स्टॉपरची जागा सोडली नाही तो मी. पहिल्या पंधरा मिनिटांत तीन गोल खाल्ले. तिसरा तर माझ्या दोन पायांमधून गेला आणि अकोल्याचे लोक खेळ थांबवून हसले. पण शब्बीर, मजा आली रे. तिथून पूर्ण मैदान समोर दिसतं, कोण दमलाय, कोण लपतोय, कुठं भगदाड पडलंय, सगळं. मध्यंतरानंतर मला लेफ्ट बॅकला टाकलं. डावा पाय मला फक्त उभं राहण्यापुरता आहे. तरी पळालो, पळून पळून जीभ बाहेर आली, एकदा पडलो, एकदा चेंडू थेट नालीत मारला, आणि एकदा, एकदाच, असा क्रॉस गेला की आमच्या माणसानं नुसतं डोकं लावलं आणि गोल. पन्नाशी ओलांडलेली वीस माणसं शाळेतल्या पोरांसारखी ओरडत होती. शेवटी पाच-चार. आम्ही हरलो. तू असतास तर बरोबरी झाली असती, असं दोन्हीकडचे लोक म्हणाले.

हरलो म्हणून रोडगे आम्ही लावले. गोवऱ्या पेटल्या, वांगी चिरून झाली, मी परात घेऊन कणीक तिंबत बसलो. मधुभाऊ जिंकलेला कॅप्टन, तो बादली उलटी घालून समोर बसला आणि कणीक घट्ट कर, मीठ बघ, असे हुकूम सोडायला लागला. आणि तिथंच, कोपरापर्यंत पीठ लागलेलं असताना, मी त्याला सगळं सांगून टाकलं. गिला वडा, सीनियर, साहेब, सगळं. मला वाटलं तो उठून जाईल. मला वाटलं सगळ्यांना बोलावून सांगेल. मी खाली परातीत बघत बोलत होतो.

मधुभाऊनं गोवरीचा विस्तव काडीनं सारखा केला. "त्याले मालूम होतं," म्हणाला.

मला वाटलं तो माझं मन राखायला बोलतोय. तो म्हणाला, "त्याच दिवशी संध्याकाळी कळलं त्याले. यादी लागल्यावर तोच सीनियर त्याले भेटला. म्हने, मी दिवाकरले सांगतलं होतं, कुठंई खेळतो म्हनू नका. त्यानं तुले सांगतलं नाई काय? शब्बीर तिथून सीधा माझ्याकडं आला, सारं मले सांगतलं त्यानं."

मी विचारलं, मग तो मला बोलला का नाही, एवढ्या वर्षांत एकदा तरी.

"मीबी इचारलं त्याले. एकदा नाई, धा वेळा. म्हने, बोललो तं दिवाकर मले भेटाले येनार नाई."

तेवढंच. मग तो उठला आणि वांग्याच्या भाजीत तिखट कमी आहे म्हणून आमच्या माणसांवर खेकसायला गेला. मी कणीक तिंबत राहिलो. आधी मला राग आला, तुझाच. म्हटलं, हा कोण मला ओळखणारा. बोलला असता तर मी पाय धरले असते, माफी मागितली असती, आणखी जास्त आलो असतो. जेवताना मी मधुभाऊला तसं म्हणालोही, की मी आलो असतो. त्यानं माझ्या पानात रोडगा कुस्करला आणि वर तूप सोडलं.

परत येताना मी गाडीत एकटाच होतो. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा मी तो दिवस पुन्हा मनात आणून बघितला, यादी लागलेली संध्याकाळ, आणि तू माझ्यासमोर उभा राहून विचारतोयस की दिवाकर, तू असं का केलं. मी काय केलं असतं ते मला लख्ख दिसलं. आधी कानांवर हात ठेवले असते. मग तुलाच खोटं पाडलं असतं. मग नोकरी लागली असती, आणि अकोल्याचं काम निघालं की मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतं.

मी आलो नसतो, शब्बीर. एकदाही आलो नसतो.